जुन्या गेम कॅसेटच्या खाचा, खटके आणि स्क्रू: आधी वाचा, मग उघडा

जुन्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटी दुरुस्तीसाठी माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांतल्या बऱ्याच कॅसेटींचे नुकसान घरीच झालेले असते. कुणी कोपरा कानशीने घासलेला असतो, कुणी सोनेरी पट्ट्यांवर पॉलिश पेपर फिरवलेला असतो, तर कुणी कवच स्क्रूड्रायव्हरने उचकटून त्याच्या आतल्या कड्या मोडलेल्या असतात. ही सगळी माणसे काळजीनेच वागलेली असतात. त्यांची चूक एवढीच, की कॅसेटच्या अंगावरची प्रत्येक खाच, प्रत्येक उंचवटा आणि प्रत्येक विचित्र स्क्रू कशासाठी आहे हे न पाहता त्यांनी थेट हत्यार हातात घेतलेले असते. म्हणून या लेखात कामाचा क्रम ठरवून दिला आहे. बाहेरून वाचन आधी, उघडणे त्यानंतर, सफाई त्याच्याही नंतर आणि मशीनमध्ये घालणे सर्वांत शेवटी. हा क्रम मोडू नये.

पायरी १: हवा, जागा आणि साहित्य

कोल्हापुरात जून ते सप्टेंबर हवेतला ओलावा इतका असतो, की उघडा ठेवलेला सर्किट बोर्ड रात्रभरात दमट होतो. शक्य असेल तर हे काम दिवाळीनंतर करावे. पावसाळ्यातच करणे भाग असेल, तर बोर्ड उघडा टाकून जेवायला उठू नये. तेवढ्या वेळापुरता तो सिलिका जेलच्या पुड्यांसह झाकणबंद डब्यात ठेवावा. टेबलावर पांढरे सुती कापड अंथरावे, कारण बारीक स्क्रू पांढऱ्यावर लगेच दिसतो, आणि प्रत्येक कॅसेटचे स्क्रू ठेवायला वेगळी वाटी घ्यावी.

साहित्य फार लागत नाही. ९९ टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल, कान साफ करायच्या कापसाच्या काड्या, पांढरे मऊ खोडरबर, मऊ ब्रश, मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी, टॉर्च, भिंग, जुने प्लास्टिक कार्ड आणि योग्य बिट एवढे पुरते. हाताला लावायचे सॅनिटायझर या कामाला चालत नाही; त्यातले ग्लिसरीन आणि सुगंधी द्रव्ये पट्ट्यांवर थर धरतात.

बिटबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण पहिली चूक इथेच होते. निन्टेन्डोच्या आणि सेगाच्या बहुतेक जुन्या कॅसेटींचे स्क्रू नेहमीच्या चौफुलीचे नसतात. त्यांच्या डोक्याला बाहेरून सहा गोलसर पाकळ्या असतात आणि ते फिरवायला आतून पोकळ असलेले बिट लागते. कॅसेटींसाठी त्याचे माप ३.८ मिलिमीटर असते, तर सुपर निन्टेन्डो किंवा निन्टेन्डो ६४ यांच्यासारख्या मशीनच्या खोक्याला ४.५ मिलिमीटरचे लागते. गेम बॉय ॲडव्हान्सच्या कॅसेटीला तीन पात्यांचा वेगळाच स्क्रू असतो. हे बिट मागवायला काही दिवस लागतात, म्हणून लोक मधले मार्ग शोधतात. उद्यमनगरात लेथवर अनेक गोष्टी करून मिळतात, तसे असे बिटही मिळते. मी स्वतः एक करून घेतले होते. "मामा, आतून सहा खाचा पाडून द्या," असे सांगितल्यावर त्यांनी ते नेटके करूनही दिले, पण साध्या लोखंडाचे आणि पाणी न दिलेले असल्यामुळे चौथ्या-पाचव्या कॅसेटला त्याचे तोंड पसरले. करून घ्यायचेच असेल, तर पाणी दिलेले पोलाद वापरायला सांगावे.

सावधान: पेनची प्लास्टिक नळी तापवून स्क्रूवर दाबायची आणि त्या आकाराचे बिट तयार करायचे, ही युक्ती करू नका. वितळलेले प्लास्टिक स्क्रूभोवतीच्या खोल भोकात चिकटून बसते आणि नंतर खरे बिटही आत जात नाही.

पायरी २: पट्ट्या मोजा

कॅसेट उलटी धरून तोंडातून टॉर्चने आत पाहा. बोर्डाच्या कडेवर सोनेरी पट्ट्यांची रांग दिसेल. एका बाजूच्या पट्ट्या मोजा आणि रांगेची रुंदी पट्टीने मापा.

आपल्याकडे टीव्ही गेम म्हणून विकल्या गेलेल्या मशीन बहुतांशी फॅमिकॉमच्या, म्हणजे निन्टेन्डोच्या जपानी मशीनच्या, नकला होत्या, त्यामुळे इथल्या जुन्या बाजारात हाती लागणारी पिवळी, काळी किंवा लाल छोटी कॅसेट बहुधा ६० पिनांची असते. तिच्या एका बाजूला ३० पट्ट्या असतात आणि रांग साधारण साडेसात सेंटिमीटर भरते. परदेशातून आलेली मोठी करडी कॅसेट अमेरिकी निन्टेन्डोची, म्हणजे एनईएसची असते. तिला ७२ पिना, एका बाजूला ३६ पट्ट्या आणि साधारण नऊ सेंटिमीटरची रांग असते.

हा बारा पिनांचा फरक समजून घेतला, की पुढच्या अनेक अडचणी टळतात. फॅमिकॉम १९८३ सालची आणि एनईएस १९८५ सालची. नव्या मशीनमध्ये चार पिना कुलपाच्या चिपसाठी (कॅसेट त्या मशीनसाठीच बनवलेली आहे का, हे तपासणाऱ्या चिपसाठी) वाढवल्या, दहा पिना मशीनच्या तळाशी असलेल्या विस्तार पोर्टकडे नेल्या आणि फॅमिकॉममधल्या आवाजाच्या दोन पिना काढून टाकल्या. त्यामुळे ६० पिनांची कॅसेट ७२ पिनांच्या मशीनमध्ये घालायला ॲडॉप्टर लागतो आणि मूळ एनईएस असेल, तर त्या ॲडॉप्टरवर कुलपाची चिपही असावी लागते. चिप जुळली नाही, की मशीन दर सेकंदाला स्वतःला पुन्हा सुरू करते आणि लाल दिवा लुकलुकत राहतो. हा दिवा पाहून कॅसेट खराब आहे असे समजणे चुकीचे आहे. बऱ्याचदा नुसता संपर्क नीट होत नसतो.

तपासा: पट्ट्यांची संख्या आणि मशीनच्या खाचेतल्या पिनांची संख्या जुळते का? जुळत नसेल, तर कॅसेट आत ढकलून पाहू नका.

पायरी ३: कवचावरच्या खाचा वाचा

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्यावा. टेबलावर कॅसेट सर्व बाजूंनी फिरवून पाहावी आणि जी खाच समजत नाही, तिचे चित्र वहीत काढून ठेवावे.

*गेम बॉय.* मूळ करड्या गेम बॉयच्या कॅसेटचा वरचा उजवा कोपरा कापलेला दिसतो. लोकांना ती तूट वाटते. प्रत्यक्षात मशीनचे पॉवर बटण सरकवले, की त्याच्याबरोबर प्लास्टिकची एक जीभ पुढे येऊन त्या कोपऱ्यात बसते आणि मशीन चालू असताना कॅसेट ओढून काढता येत नाही. गेम बॉय कलरसाठीच बनवलेल्या पारदर्शक कॅसेटींना हा कोपरा ठेवलेला नाही. त्यामुळे अशी कॅसेट जुन्या मशीनमध्ये घातली, तर ती जीभ कॅसेटवर आदळते आणि बटणच सरकत नाही. ही कॅसेट या मशीनसाठी नाही, असे मशीन तुम्हाला सांगत असते.

मंगळवार पेठेतला एक मुलगा अशीच पारदर्शक कॅसेट घेऊन आला होता. कोपरा त्याने कानशीने तिरका घासून काढला होता, घासलेली जागा दुधाळ पांढरी पडली होती आणि प्लास्टिकचा भुसा कवचाच्या आत पट्ट्यांच्या मुळाशी साचला होता. एवढे केल्यावर बटण सरकले, मशीन चालू झाले आणि पडद्यावर फक्त एक सूचना आली, की हा गेम गेम बॉय कलरवरच चालतो. ती सूचना गेमच्या आतच लिहिलेली असते, त्यामुळे कोपरा घासून काहीच साध्य होत नाही. ज्या पॉकेट मॉडेलमध्ये ही जीभ नाही, त्यातही अशी कॅसेट घातली तर तीच सूचना दिसते. काळ्या कॅसेटी मात्र दोन्ही मशीनवर चालतात आणि म्हणून त्यांचा कोपरा कापलेला असतो.

*गेम बॉय ॲडव्हान्स.* या कॅसेटीची उंची जुनीच्या जवळपास निम्मी असते, पण पिना दोन्हींत ३२ असतात. त्यामुळे एकीची जागा दुसरीने घेतली तर काय, हा प्रश्न डिझाइन करणाऱ्यांपुढे होता. त्याचे उत्तर कवचात आहे. मशीनच्या खाचेत एक बारीक खटका असतो. जुनी कॅसेट आत जाताना तो दाबते आणि मशीन जुन्या पद्धतीने, पाच व्होल्टवर चालते. नव्या कॅसेटच्या कवचाला तिथे जागा सोडलेली असते, खटका दबत नाही आणि मशीन ३.३ व्होल्ट देते. नव्या कॅसेटच्या बाजूंना ज्या बारीक पाळ्या असतात, त्या तिला जुन्या मशीनमध्ये पूर्ण जाऊ देत नाहीत.

सावधान: ॲडव्हान्सच्या खाचेत धूळ किंवा गंज बसून हा खटका दबलेलाच राहिला, तर ३.३ व्होल्टच्या कॅसेटला पाच व्होल्ट मिळू शकतात. खाच साफ करताना तो बोटभर काडीने हलकेच दाबून सुटतो का, हे आधी पाहा.

*सुपर निन्टेन्डो.* अमेरिकी कॅसेटच्या पाठीवर तळाकडे दोन खाचा असतात आणि अमेरिकी मशीनमध्ये त्यांत बसणारे प्लास्टिकचे दोन दात असतात. जपानी सुपर फॅमिकॉमच्या, म्हणजे तिथल्या सुपर निन्टेन्डोच्या, कॅसेटला त्या खाचा नाहीत, म्हणून ती आत जाताना अडते. या दोन देशांच्या मशीनमध्ये कुलपाची चिप सारखीच आहे. अडथळा आहे तो केवळ या दातांचा. युरोपातल्या कॅसेटचे मात्र उलटे आहे. तिचा आकार जपानीसारखा असल्यामुळे ती जपानी मशीनमध्ये सहज बसते, पण चिप वेगळी असल्यामुळे चालत नाही. म्हणजे बसली म्हणून चालेल आणि अडली म्हणून चालणार नाही, हे दोन्ही निष्कर्ष इथे चुकतात. दात पक्कडीने मोडणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांचे तुकडे मशीनच्या पोटात पडतात आणि पिनांमध्ये अडकतात. त्यापेक्षा ॲडॉप्टर घ्यावा.

समोरच्या बाजूला तळाशी मधोमध असलेली खाचही अशीच कोड्यात टाकते. सुरुवातीच्या मशीनमध्ये पॉवर चालू केली, की एक खटका त्या खाचेत अडकून कॅसेट धरून ठेवत असे. नंतरच्या कॅसेटींत ही खाच तळाकडे मोकळी सोडली आणि खटका अडकेनासा झाला. दोन कॅसेटींच्या तळाचा आकार वेगळा दिसला, म्हणून त्यातली एक नकली ठरवू नका.

*निन्टेन्डो ६४.* जपानी आणि अमेरिकी कॅसेटींत फरक पाठीच्या तळाशी असलेल्या खाचांच्या जागेचा आहे. इथेही जोर लावू नये.

*मेगा ड्राइव्ह.* सेगाच्या या मशीनच्या जपानी कॅसेटला डाव्या अंगाला खाच असते, कारण जपानी मशीनचे पॉवर बटण गेम बॉयसारखेच एक कुलूप पुढे सरकवते. बाहेरच्या देशांतल्या कॅसेटींना ती खाच नसते. काही कॅसेटींच्या डाव्या कडेला पिवळ्या प्लास्टिकची पट्टी असते. ती इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या गेम कंपनीची ओळख आहे, तिचा कामाशी संबंध नाही आणि ती ओढून काढायची नसते. १९९४ सालच्या 'सॉनिक अँड नकल्स'च्या माथ्यावर उघडणारे झाकण असते आणि त्याखाली दुसरी कॅसेट बसवायची खाच असते. ही कॅसेट साफ करताना खालच्या पट्ट्या आणि वरची खाच दोन्ही साफ कराव्या लागतात, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

*अटारी २६००.* अटारीने स्वतः बनवलेल्या अनेक कॅसेटींचे तोंड बंद दिसते. आत स्प्रिंगवर बसलेले धूळ-झाकण असते आणि मशीनमधले दोन खुंट ते मागे ढकलतात. झाकणाच्या कडेची दोन छिद्रे शोधा, त्यांत बोथट काड्या एकाच वेळी दाबा आणि झाकण हळूच मागे सरकवा. झाकण स्क्रूड्रायव्हरने उचकटले, तर स्प्रिंग पुन्हा जागेवर बसवणे फार अवघड जाते.

काही आकार मात्र कुलपासाठी नसून आतल्या यंत्रणेसाठी असतात. आयरेम कंपनीच्या सुरुवातीच्या फॅमिकॉम कॅसेटींच्या माथ्यावर लाल दिवा असे. तो फक्त वीज पोचल्याचे दाखवतो. ॲडव्हान्सवरच्या 'बोक्ताय' या गेमच्या माथ्यावरची पारदर्शक खिडकी सूर्यप्रकाश मोजणाऱ्या सेन्सरची आहे, तिच्यावर नावाचे स्टिकर चिकटवू नये. गेम बॉयवरच्या 'पोकेमॉन पिनबॉल'च्या फुगलेल्या पाठीत थरथर निर्माण करणारी मोटर असते आणि तिच्यासाठी एक एएए सेल लागतो. पावसाळ्यापूर्वी तो सेल काढून ठेवावा, कारण गळलेल्या सेलने संपर्क खाल्लेल्या कॅसेटी इथे वारंवार दिसतात. पाठीवर बारीक स्विच असलेली एनईएस कॅसेट मिळाली, तर ती परवान्याशिवाय बनवलेली आहे असे समजावे. स्विच मशीनच्या कुलपाप्रमाणे बदलण्यासाठी असतो, त्याची मूळ स्थिती लिहून ठेवावी.

तपासा: वहीतल्या प्रत्येक खाचेपुढे तिचे काम लिहिले गेले का? एक जरी रिकामी असेल, तर अजून उघडू नका.

पायरी ४: उघडण्याची गरज आहे का, हे ठरवा

तोंडाशी पोचता येत असेल आणि पट्ट्या फक्त मळल्या असतील, तर कॅसेट न उघडताच साफ होते. उघडायची ती तीन कारणांसाठी: आत पाणी किंवा भुसा गेला असेल, बॅटरी बदलायची असेल, किंवा आतला बोर्ड सैल होऊन खुळखुळत असेल. अटारीच्या कॅसेटीत स्क्रू बहुधा लेबलखाली लपलेला असतो. बोटाने हलकेच दाबल्यावर लेबलला खळगा पडतो, तिथे तो समजावा. लेबल एकदा सोलले, की पहिल्यासारखे बसत नाही, म्हणून अशी कॅसेट शक्यतो खालूनच साफ करावी.

पायरी ५: उघडण्याचा क्रम

१. दोन्ही बाजूंचे आणि तोंडाचे फोटो घ्या.

२. एनईएस कॅसेट असेल, तर पाठीवरचे स्क्रू मोजा. सुरुवातीच्या कॅसेटींना साध्या चपट्या खाचेचे पाच स्क्रू असतात. नंतरच्या कॅसेटींना ३.८ मिलिमीटरच्या बिटचे तीन असतात आणि वरच्या कडेला आतून दोन प्लास्टिकच्या कड्या असतात.

३. बिट पूर्ण खाली टेकवून आधी दाब द्या आणि मग फिरवा. अर्धवट बसलेले बिट पाकळ्या झिजवते.

४. तीन स्क्रूंच्या कॅसेटीत तळाची बाजू आधी थोडी उघडा आणि मग पाठ वरच्या कड्यांमधून सरकवून काढा. पुस्तकासारखी सरळ उघडायला गेलात, तर नेमक्या त्या दोन कड्या मोडतात.

५. फॅमिकॉमच्या आणि इथल्या ६० पिनांच्या कॅसेटींना अनेकदा स्क्रूच नसतो, कवच कड्यांवर बसवलेले असते. फटीत जुने प्लास्टिक कार्ड घालून कडेने हळूहळू सरकवत न्या. एकेका कडीचा टक् असा आवाज येतो. जिथे आवाज न येता प्लास्टिक वाकू लागते, तिथे थांबा आणि दुसऱ्या बाजूने या.

सावधान: मूळ निन्टेन्डो कॅसेट उघडली, की जवळपास अर्धे कवच रिकामे दिसते. काहीतरी काढून घेतले आहे असा संशय येऊन लोक विक्रेत्याशी भांडतात. बोर्ड तेवढाच असतो. कवच मशीनच्या खोल कप्प्यात हाताने धरून घालता-काढता यावे एवढे मोठे केले आहे.

पायरी ६: बोर्ड न पुसता आधी पाहा

भिंगातून पाहताना चार गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

पहिली म्हणजे चिपच्या जागी काळा गोल ठिपका. स्वस्त कॅसेटींत चिप बोर्डावर थेट चिकटवून वरून काळे इपॉक्सी ओतलेले असते. तो डाग नसतो. त्याला खरवडले किंवा तापवले, तर कॅसेट कायमची गेली.

दुसरी म्हणजे रिकाम्या बाजू. सुपर निन्टेन्डोच्या ६२ पिनांपैकी ४६ मधल्या भागात आणि आठ-आठ दोन्ही टोकांना असतात. टोकांच्या पिना सुपर एफएक्ससारख्या जादा चिप असलेल्या कॅसेटींसाठी आहेत. साध्या कॅसेटीत त्या जागी पट्ट्याच नसतात, त्यामुळे त्या झिजून गेल्या आहेत असे समजू नये.

तिसरी गोष्ट आवाजाची आहे. फॅमिकॉममध्ये आवाज मशीनमधून पिन ४५ वर बाहेर येतो आणि पिन ४६ वरून परत जातो. साध्या कॅसेटीत या दोन पिना बोर्डावर नुसत्या जोडलेल्या असतात, तर काही कॅसेटींत तिथे स्वतःचा आवाज मिसळणारी चिप असते. चित्र दिसते पण आवाज नाही, अशी तक्रार असेल, तर सर्वांत आधी या दोन पट्ट्या आणि त्यांच्यातला जोड पाहावा. मशीनच्या आवाजाच्या वायरी बदलत बसणाऱ्यांचे दिवस वाया जातात.

चौथी गोष्ट क्वचित दिसते. सुरुवातीच्या काही पाच-स्क्रूच्या एनईएस कॅसेटींत फॅमिकॉमचा ६० पिनांचा बोर्ड आणि त्याला जोडलेला ७२ पिनांचा ॲडॉप्टर सापडतो. ती छेडछाड नसून कारखान्यातलीच रचना आहे. दोन्ही भाग ओढून वेगळे करू नका.

पायरी ७: सफाई

फुंकर मारणे आजपासून बंद करावे. फुंकरीने कॅसेट चालते असे वाटते, कारण फुंकर मारण्यासाठी आपण ती बाहेर काढतो आणि पुन्हा बसवतो. संपर्क त्या पुन्हा बसवण्याने होतो. फुंकरीतून पट्ट्यांवर जाते ती श्वासातली वाफ, आणि आपल्या हवेत ती सुकायलाही वेळ लागतो.

पट्ट्यांवरचा सोन्याचा मुलामा किती पातळ असतो, हे गुजरीतल्या मुलाम्याच्या कारागिराला विचारले तर तो लगेच सांगेल, की त्याला घासायचे नसते, पुसायचे असते. पॉलिश पेपर, पितळेची भांडी घासायची पावडर, चिंच, टूथपेस्ट हे सारे मुलामा काढून खालचे तांबे उघडे पाडते. पहिले चार दिवस पट्ट्या झगझगीत दिसतात आणि पुढच्या पावसाळ्यात हिरव्या पडतात.

१. मऊ ब्रशने कोरडी धूळ खाली झाडा.

२. कापसाची काडी अल्कोहोलमध्ये बुडवून निथळू द्या आणि पट्टीच्या लांबीच्या दिशेने, आतून बाहेर पुसा. आडवे पुसले, तर मळ दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत जातो आणि कापसाचे धागे अडकतात.

३. काडी काळी झाली, की ती टाका. तीच पुन्हा फिरवू नका. बाहेर येणारी काडी पांढरी राहीपर्यंत हे करा.

४. डाग तरीही राहिला, तरच पांढरे मऊ खोडरबर हलक्या हाताने दोन-तीनदा फिरवा, भुसा झाडा आणि पुन्हा अल्कोहोलने पुसा. शाईचे खरखरीत खोडरबर वापरू नका.

५. दहा मिनिटे वाळू द्या.

एनईएस कॅसेटच्या पाठीवरच अल्कोहोल, बेंझिन आणि थिनर वापरू नका, असे छापलेले आहे. त्या सूचनेमुळे गोंधळ होतो. संग्राहक आणि दुरुस्ती करणारे लोक उघडलेल्या बोर्डाच्या पट्ट्यांपुरते आयसोप्रोपिल सर्रास वापरतात. मी मात्र ते लेबलला आणि कवचाला लागू देत नाही, आणि तुम्हीही देऊ नये. कवचाला ओलसर कापड पुरते.

सावधान: अल्कोहोल पेट घेते. देवघरात समई तेवत असताना किंवा गॅसजवळ हे काम करू नका.

पायरी ८: बॅटरी

खेळ साठवून ठेवणाऱ्या अनेक कॅसेटींत नाण्याच्या आकाराचा सेल असतो. त्याच्यावरचा अंक वाचा: सीआर २०३२ म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी, सीआर १६१६ म्हणजे १६ व्यास आणि १.६ जाडी. गेम बॉयच्या पातळ कवचात जाड सेल बसवला, तर कवच बंद होत नाही आणि लोक स्क्रू आवळून बोर्ड वाकवतात. सेल काढताच साठवलेला खेळ बहुतेक कॅसेटींत पुसला जातो, हे मालकाला आधी सांगा. 'पोकेमॉन गोल्ड' आणि 'सिल्व्हर'मध्ये घड्याळही त्याच सेलवर चालते, म्हणून तो लवकर संपतो. ॲडव्हान्सवरच्या 'रुबी' आणि 'सफायर'मध्ये सेल फक्त घड्याळापुरता असतो आणि खेळ त्याच्याविना टिकतो.

आधीच पत्रे जोडलेला सेल घ्या आणि सोल्डरचा डाग फक्त पत्र्यांना द्या. सेलच्या अंगावर थेट सोल्डरिंग केले, तर तो तापून फुटू शकतो. धन-ऋणाची खूण बोर्डावर छापलेली असते. जुना सेल काढण्यापूर्वी तिचा फोटो घ्या.

पायरी ९: बंद करणे आणि घालून पाहणे

बोर्ड कवचातल्या खुंटांवर पूर्ण बसल्याशिवाय वरचा भाग लावू नका. स्क्रू आधी उलटा फिरवा. जुन्या आट्यांत तो खाली बसल्याचे हाताला जाणवते, आणि मग सुलटा आवळा. असे न केल्यास प्लास्टिकमध्ये नवे आटे पडतात आणि स्क्रू कायमचा सैल राहतो. मशीन बंद ठेवूनच कॅसेट घाला, सरळ खाली दाबा आणि मगच पॉवर द्या. चित्र आले नाही, तर पॉवर बंद करून कॅसेट दोन-तीनदा काढा-घाला. तरीही नाही, तर दोष मशीनच्या खाचेत आहे का हे दुसऱ्या चालू कॅसेटने ठरवा. लगेच पुन्हा कॅसेट उघडू नका.

पायरी १०: पुरात भिजलेली कॅसेट

२०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर शुक्रवार पेठेतल्या एका घरातून आलेला डबा अजून आठवतो. पाणी ओसरल्यावर त्यांनी कॅसेटी गच्चीवर उन्हात वाळवल्या होत्या. बाहेरून त्या स्वच्छ होत्या, पण कवच उघडल्यावर आत पंचगंगेचा गाळ चिपच्या पायांमध्ये विटेसारखा घट्ट बसला होता. भिजलेली कॅसेट वाळवण्याआधी धुवायची असते, आणि हीच गोष्ट उलटी केली जाते.

कॅसेट ओली असतानाच उघडा आणि सर्वांत आधी सेल काढा. बोर्ड स्वच्छ नळाच्या पाण्याखाली मऊ ब्रशने धुवा, मग इन्व्हर्टरसाठी मिळणाऱ्या डिस्टिल्ड वॉटरने खंगाळा. बाटलीवरचे नाव नीट वाचा. बॅटरीचे पाणी म्हणून कुठे कुठे आम्लही हातात दिले जाते. त्यानंतर बोर्डावर अल्कोहोल ओतून निथळू द्या आणि पंख्याखाली किमान तीन दिवस उभा ठेवा. हेअर ड्रायरच्या गरम हवेने कवच वाकते, आणि तांदळाच्या डब्यात पुरून ठेवले तर पिठाची धूळ पट्ट्यांत बसते. लेबल ओले असताना त्याला हात लावू नका. तीन दिवसांनी पट्ट्या भिंगातून पाहा, हिरवटपणा असेल तर सातवी पायरी पुन्हा करा, आणि कॅसेट चालली तरी महिनाभराने एकदा उघडून चिपच्या पायांशी नवा हिरवा थर आला आहे का ते पाहा.